हंगाम सरला, आता टायर ठेवायचे कुठे आणि कसे?

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतरची गोष्ट. कापूस भरून ट्रॉली जिनिंगला निघाली आणि गावापासून चार किलोमीटरवर डाव्या चाकाचा टायर फुटला. रस्ता चांगला होता, भरतीही नेहमीचीच होती. ट्रॉली एका अंगाला कलली, वरचा कापूस रस्त्यावर सांडला आणि आम्ही बापलेक दिवस मावळेपर्यंत तो वेचत होतो. पंक्चरवाल्या काकांनी टायर उतरवला, त्याची बाजू दोन्ही हातांनी दाबून वाकवली. धुळीमुळे आधी काही कळत नव्हतं. वाकवल्याबरोबर एप्रिलातल्या काळ्या वावरासारख्या भेगा उघडल्या, आणि दोन-तीन भेगांच्या तळाशी करड्या रंगाचे धागे दिसले. नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. "भाऊ, हा टायर रस्त्यावर नाही झिजला," काका म्हणाले, "हा तुमच्या शेडातच गेला."

त्यांचं बरोबर होतं. दोन हंगाम ते दोन्ही टायर काम संपलं की काढून पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवले होते, वेल्डिंग मशीनच्या शेजारी. त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला, चार जाणत्या लोकांना विचारलं आणि आमच्या घरची पद्धत बदलली. ती इथे सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्याकडे टायर विकत घेताना माणूस दहा दुकानं फिरतो आणि ठेवताना जागा सापडेल तिथे लोटून देतो.

आपला रिकामा हंगाम नेमका कोणता

थंड प्रदेशात बर्फाचे टायर वेगळे असतात आणि ते उन्हाळ्यात काढून ठेवतात. आपल्याकडे तसं काही नाही, पण टायर रिकामे पडून राहण्याचे दिवस आपल्याकडेही ठरलेले आहेत. ट्रॉली सोयाबीन निघाल्यापासून हरभरा घरी येईपर्यंत राबते, मग खत-बियाण्याची ने-आण झाली की मृगापासून दसऱ्यापर्यंत उभी. ट्रॅक्टरला डवरण आणि फवारणीसाठी जे बारीक टायर लावतो त्यांचं उलट: पावसाळ्यात कामाचे, पण दसऱ्यानंतर अख्खा हिवाळा आणि उन्हाळा पडून. आणि ते बारीक टायर चढले की रुंद टायर दोन-अडीच महिने खाली येतात. तिसरी घरची कार. पोरगा पुण्याला, गाडी गावात. ती दिवाळीला आणि लग्नसराईत फिरते, बाकी निंबाखाली उभी असते.

म्हणजे आपल्याला दोन वेगवेगळ्या शत्रूंचा विचार करावा लागतो. ट्रॉलीच्या आणि रुंद टायरांना पावसाळा सोसायचा आहे, बारीक टायरांना विदर्भाचा उन्हाळा. कारला दोन्ही.

रबर पडून पडून का खराब होतं

हे कळलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट उष्णता. रबराचं म्हातारपण ही रासायनिक क्रिया आहे, आणि ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली होती. दरवर्षी तेवढं नसलं तरी मे महिन्यात ४४-४५ अंश आपल्याला नवीन नाहीत. हे सावलीतलं तापमान. पत्र्याच्या शेडात दुपारी दोन वाजता वरच्या फळीवर ठेवलेल्या टायरला हात लावून बघा, म्हणजे तो किती भाजतो आहे ते कळेल. त्याच घरातल्या कौलारू, मातीच्या भिंतींच्या खोलीत ठेवलेला टायर त्याच वेळी हाताला कोमट लागतो.

दुसरी गोष्ट ऊन, त्यातले अतिनील किरण. तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, मलाही नव्हती: ओझोन वायू. विजेची ठिणगी उडते तिथे हवेत ओझोन तयार होतो. वेल्डिंग मशीन, ब्रश असलेल्या मोटारी, ड्रिल, ग्राइंडर यांच्याजवळ तो जास्त असतो, आणि ताणलेल्या रबराला तो बारीक बारीक भेगा पाडतो. माझे टायर वेल्डिंग मशीनशेजारी का फाटले याचं उत्तर इथे होतं.

चौथी गोष्ट तेल. डिझेल, पेट्रोल, ग्रीस, जळकं ऑइल, फवारणीच्या औषधांमधले द्रावक यांनी रबर फुगतं आणि मऊ पडतं. पाचवी गोष्ट एकाच जागी पडणारं वजन.

टायरमध्ये कारखान्यातच एक प्रकारचं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि ओझोनपासून राखण करतं. जुन्या टायरवर कधी कधी तपकिरी झाक दिसते, ती बरीचशी त्या राखणीच्या द्रव्यांचीच. पडून राहिलेला टायर दबत नाही, त्यामुळे मेण वर येणं मंदावतं. म्हणूनच चालणाऱ्या टायरपेक्षा पडून राहिलेल्याची जास्त काळजी घ्यावी लागते.

काढण्याआधी

टायर काढण्याआधी खडूने किंवा पांढऱ्या ऑइलपेंटने आतल्या बाजूला खूण करा: "पु.डा." (पुढचा डावा), "पु.उ.", "मा.डा." (मागचा डावा), "मा.उ.". फिरण्याची दिशा दाखवणारा बाण टायरवर असेल तर तोही बघून ठेवा. ट्रॅक्टरचा मागचा टायर उलटा चढला तर त्याची पकड जाते.

नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक लावायचा. आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो. वरून कोरडी दिसणारी जमीन एका सरीनंतर लोण्यासारखी होते. जॅकखाली आणि घोडीखाली (उचललेल्या गाडीला खालून आधार देणारा स्टँड) दीड-दोन फुटांची जाड फळी किंवा शहाबादी फरशी टाका. शक्य असेल तर हे काम मृगाचा पाऊस यायच्या आत, कडक जमिनीवर उरकून घ्या. दोनचाकी ट्रॉली पूर्ण रिकामी करा आणि ती ट्रॅक्टरच्या हुकात अडकवलेली असू द्या, ट्रॅक्टरचा हँडब्रेक ओढून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. सोडवलेली ट्रॉली एका टोकाला उचलली की दुसऱ्या टोकाला कधी झुकेल सांगता येत नाही. ट्रॉली घोडीवर टेकवायची ती एक्सलखाली, दोन्ही बाजूंनी. विटांची चळत किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक घोडी म्हणून वापरू नका. ते वजनाखाली एकदम फुटतात, आधी आवाजही देत नाहीत.

रिमला वेगळी रिंग असेल तर टायर रिमवरून उतरवण्याच्या भानगडीत घरी पडू नका. हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या रिंगेला हात लावणं जिवावरचं काम आहे. ते पंक्चरवाल्याकडेच द्यावं.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर काढण्याआधी पाणी सोडून द्या. मोठ्या टायरमध्ये शंभराहून जास्त लिटर पाणी असतं. असं चाक कलंडलं तर दोन माणसांना आवरत नाही.

नट एका डब्यात, त्यावर थोडं ऑइल, आणि डबा त्याच चाकांजवळ. (ऑइल नटांना, टायरला नाही.)

धुणं आणि वाळवणं

मी ह्या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ देतो, आणि अर्धा दिवस गेला तरी वाईट वाटत नाही.

आधी खाचांमधले गोटे आणि काटे काढा. स्क्रू ड्रायव्हर टोकदार नको, बोथट हवा. तुरीचे आणि पऱ्हाटीचे खुंट खास शोधा. विळ्याने तिरपा कापलेला तुरीचा खुंट वाळला की खिळ्यासारखा होतो. तो टायरमध्ये घुसून तुटतो आणि बाहेरून नुसता काळा ठिपका दिसतो. बोट फिरवल्यावर तो हाताला लागतो. असा प्रत्येक ठिपका आताच काढायचा आणि तिथे हवा निघते का ते साबणाच्या पाण्याने बघायचं. पंक्चर काढून ठेवलेला टायर पुढच्या हंगामात तयार असतो. नाहीतर पहिल्याच भरतीच्या दिवशी दुकानासमोर रांगेत उभं राहावं लागतं.

मग साधं पाणी, अंगाचा किंवा कपड्यांचा साबण, नारळाच्या काथ्याचा ब्रश. काळी माती रिम आणि टायरच्या सांध्यात बसली की ओल धरून ठेवते आणि रिम तिथूनच गंजतो. युरिया, डीएपी वाहिलेली ट्रॉली असेल तर रिम दोनदा धुवा. खताचे कण ओल ओढतात आणि लोखंड खातात. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी टायर पुसायचा नाही. चमक येण्यासाठी डिझेल किंवा जळकं ऑइल लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडून द्यावी. दोन दिवस टायर नव्यासारखा दिसतो आणि आतून रबर सैल पडत जातं. दुकानात मिळणारं चकाकीचं पॉलिशही साठवणुकीच्या टायरला नको.

धुतल्यावर सावलीत, वाऱ्याला ठेवून पूर्ण वाळवा. रिम नसलेल्या टायरच्या पोटात पाणी राहतं. तो उभा करून दोन-तीनदा फिरवा आणि आतून फडक्याने पुसा. रिमवर गंजाचे डाग असतील तर घासून रंगाचा हात द्या, आणि रंग पूर्ण वाळल्याशिवाय टायर चढवू नका.

ट्यूब वेगळी काढली असेल तर तिची घडी घालून खिळ्याला टांगू नका. घडीच्या रेषेवरच ती पुढे चिरते. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावा, आकार येईल इतकीच हवा भरा आणि टायरच्या पोटातच राहू द्या.

जागा

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त फरक जागेने पडतो. तुमच्या घरात फिरून बघा: सर्वांत थंड, अंधारी आणि कोरडी खोली कोणती? बऱ्याच जुन्या घरांत ती मातीच्या भिंतींची, कौलांची, उत्तरेकडची खोली असते, जिथे पूर्वी धान्याच्या कणग्या असायच्या. तीच टायरची जागा. स्लॅबच्या घरात खालची खोली चालेल, गच्चीवरची नाही. पत्र्याच्या शेडाशिवाय इलाज नसेल तर पत्र्यापासून जितकं खाली आणि पश्चिमेच्या भिंतीपासून जितकं दूर ठेवता येईल तितकं ठेवा, आणि उन्हाळ्यात पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा पांढरा रंग यांपैकी काहीतरी घाला.

त्या खोलीत काय नको: वेल्डिंग मशीन, बॅटरी चार्जर, इन्व्हर्टर, पिठाची चक्की, डिझेलचे कॅन, फवारणीची औषधं, खताची पोती. कुटाराच्या (जनावरांसाठी ठेवलेल्या भुशाच्या) ढिगाजवळ तर अजिबात नको. कुटार पेटलं तर विझवता येतं, पण त्यात टायर पेटले की आग आटोक्यात येत नाही आणि त्या धुरात ढोरंही गुदमरतात.

जमिनीवर थेट ठेवू नका. दोन बल्ल्या आणि वर फळ्या टाकल्या की झालं. खाली हवा खेळते, ओल लागत नाही, आणि झाडू फिरवता येतो. ह्या झाडू फिरवण्याला महत्त्व आहे. पडून राहिलेल्या टायरच्या पोटात विंचू आणि साप बसतात. आमच्या शेजाऱ्यांकडे आषाढात टायर उचलताना आतून मण्यार निघाली होती. टायर हलवण्याआधी काठीने ठोका, टॉर्च मारून आत बघा, मगच हात घाला.

उभे, आडवे की टांगलेले

यात घोटाळा फार होतो, कारण रिमसकट टायरचा नियम आणि रिमविना टायरचा नियम उलटे आहेत.

रिमसकट चाक आडवं ठेवा, एकावर एक, जास्तीत जास्त चार. आत नेहमीची हवा असू द्या. हवा काढून रचली तर खालच्या टायरच्या बाजू दबून वाकतात. रिममधून मजबूत हुक घालून टांगलंत तरी चालतं, कारण वजन रिमवर येतं. रिमसकट चाक महिनोन् महिने उभं करू नका.

रिम नसलेला टायर मात्र उभा ठेवा, फळीवर, एकाला लागून एक, पण कोंबून नाही. महिन्यातून एकदा पाव फेरा फिरवा म्हणजे एकाच जागी चपटा होणार नाही. दोरीने किंवा खिळ्याला टांगू नका; सगळं वजन एका रेषेवर येऊन तारेची कड वाकते आणि मग तो रिमवर नीट बसत नाही. जागाच नसेल आणि आडवे रचावे लागले, तर महिन्याला वरचा खाली, खालचा वर करा.

ट्रॅक्टरचं मोठं चाक भिंतीला टेकवून ठेवण्याचा मोह होतो. घरात लहान मुलं असतील तर ते आडवंच टाका. जागेअभावी उभंच ठेवावं लागलं तर भिंतीत कडी ठोकून साखळीने बांधा आणि खाली दोन्ही बाजूंनी लाकडाचे तुकडे लावा.

झाकण्यासाठी: पूर्ण वाळलेला कारचा टायर काळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून तोंड बांधलं तर उत्तम. पण पिशवी सावलीतच राहिली पाहिजे आणि टायर आतून किंचितही ओला नको. मोठ्या टायरांवर जुनी सुती चादर किंवा गोधडी टाका. बारदान नको, त्यात उंदीर घर करतात. पावसाळ्यात ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम सुटतो.

पाणी साचू देऊ नका

ही गोष्ट टायरपेक्षा मोठी आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि बाहेर पडलेला टायर त्याची आवडती जागा आहे: आत सावली, पाणी स्थिर, आणि कितीही कलता केला तरी थोडं पाणी राहतंच. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आपल्या पावसाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टायरच्या भिंतीला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. पुढच्या पावसात पाणी लागलं की उबतात. त्यामुळे पाणी ओतून दिलं एवढ्याने भागत नाही, आतली बाजू ब्रशने घासायला हवी.

आपल्या गावांत वादळात उडू नयेत म्हणून पत्र्यांवर आणि कुटाराच्या ताडपत्रीवर जुने टायर ठेवतात. मृगाआधी त्या प्रत्येक भंगार टायरला खालून चार-पाच मोठी भोकं पाडा, किंवा त्याऐवजी वाळूची पोती ठेवा. कामाच्या टायरला अर्थातच भोक पाडायचं नाही. तो छताखालीच हवा. जाळून विल्हेवाट लावू नका, तो धूर विषारी असतो. भंगारवाला नेतो.

गाडी न उतरवता उभी ठेवायची असेल तर

कारची चाकं काढून ठेवायला घरी कोणी नसतं. मग इतकं करा. गाडी फरशीवर किंवा मुरूम टाकलेल्या कोरड्या जागी लावा, गवतावर किंवा शेणखताजवळ नको. दारावरच्या चिठ्ठीवर जेवढी हवा लिहिली आहे, समजा ३२, तिच्यापेक्षा चार-पाच पौंड जास्त भरा. टायरच्या बाजूवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. हँडब्रेक सोडा, गिअर टाका, चाकांना दगड लावा. दर पंधरा दिवसांनी घरातल्या कोणीतरी गाडी हात-दोन हात पुढे-मागे घ्यावी, म्हणजे टायरचा जमिनीला टेकणारा भाग बदलतो. ज्या बाजूला दुपारचं ऊन येतं तिथल्या चाकांसमोर फळी किंवा जुनी चटई उभी करा. तीन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर गाडी चार घोड्यांवर घेणं चांगलं.

पुण्याहून पोरगा आला, गाडी काढली आणि पहिले काही किलोमीटर स्टिअरिंग थरथरलं, तर घाबरू नका. टायर थोडा चपटा झालेला असतो. पंधरा-वीस किलोमीटर सावकाश चालवल्यावर तो गरम होऊन बहुधा गोल होतो. तरीही थरथर राहिली तर तो बहुधा कायमचा चपटा झाला.

परत चढवण्याआधी

टायरच्या बाजूवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, जूनची सुरुवात. हे आकडे कधी कधी एकाच बाजूला असतात, दिसले नाहीत तर आतल्या बाजूला वाकून बघा. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असली तरी बदला, स्टेपनीसुद्धा. नवीन टायर घेतानाही हे आकडे वाचा. दुकानात दोन उन्हाळे काढलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

मग काकांनी केली तशी तपासणी करा: धूळ पुसा, दोन्ही हातांनी बाजू दाबा, उजेडात बघा. केसासारख्या वरवरच्या रेषा असतील तर टायर अजून चालतो, लक्ष ठेवावं. भेगेत नख रुतलं किंवा धागा दिसला तर तो टायर रस्त्यावर नको. फुगवटा असेल तरी नको. कारच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कायद्यानेही तो बाद आहे.

हवा हळूहळू भरा आणि भरताना रिमच्या समोर न बसता नक्षीच्या अंगाला उभे राहा. वॉल्व्हचं रबर चिरलेलं असेल तर बदलून टाका. नट आधी हाताने फिरवून घ्या, मग समोरासमोरचे आळीपाळीने पान्याने आवळा. कारचे नट पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर आणि ट्रॉलीचे पहिली भरती खाली केल्यावर, जिनिंगच्या आवारातच, पुन्हा एकदा आवळून घ्या.